सलूनमध्ये केस कापता कापता बीपी आटोक्यात. अमेरिकेतला प्रयोग काय सांगतो?

अमेरिकेतील कृष्णवर्णीय पुरुषांमध्ये उच्च रक्तदाबाचं प्रमाण मोठं आहे. तरीही अनेकजण डॉक्टरकडे जात नाहीत. खर्च आणि वेळ ही कारणं आहेतच, त्यात अविश्वासाची भर. टस्कीगी इथल्या सरकारी अभ्यासात १९३२ ते १९७२ या काळात सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीयांना मुद्दाम उपचारांविना ठेवलं होतं.

सलूनच का?
कारण नेहमीचा बार्बर हा ओळखीचा, विश्वासाचा माणूस. लॉस एंजेलिसमध्ये डॉ. रोनाल्ड व्हिक्टर यांच्या पथकाने ५२ सलूनमधल्या, बीपी वाढलेल्या ३१९ गिऱ्हाइकांना अभ्यासात घेतलं.

नेमकं काय केलं?
सलूनचे दोन गट केले. पहिल्या गटात बार्बरने राहणीमान सुधारण्याचा आणि डॉक्टरकडे जाण्याचा सल्ला दिला. दुसऱ्या गटात फार्मासिस्टच सलूनमध्ये येऊ लागले. डॉक्टरांशी झालेल्या करारानुसार त्यांनी तिथेच औषधं लिहून दिली आणि बीपीवर लक्ष ठेवलं.

निकाल काय?
सहा महिन्यांत बीपीचा वरचा आकडा पहिल्या गटात सरासरी ९.३ ने, तर दुसऱ्या गटात २७ ने उतरला. दुसऱ्या गटात १०० पैकी सुमारे ६४ जणांचं बीपी १३०/८० च्या खाली आलं. पहिल्या गटात फक्त १२ जणांचं. हे निष्कर्ष २०१८ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले.

याचा अर्थ काय?
नुसत्या सल्ल्यानेही फरक पडतो, पण थोडाच. विश्वासातल्या माणसाने सांगितलं आणि उपचारही तिथेच मिळाले, तर मात्र आकडे बदलतात.