सूक्ष्म यंत्रांचें स्नान

गेल्या उन्हाळ्यांत घरचें जुनें मनगटी घड्याळ घेऊन देवनार येथील एका कारागिराच्या दुकानीं तासभर बसण्याचा योग आला. त्यानें चक्रें, दांडे, स्क्रू सारें सुटें करून वाटींतल्या पेट्रोलांत बुडविलें आणि बुरुसानें घासतां घासतां म्हटलें, "पूर्वीं डब्यांतून एक औषध मिळे, मास्तर. तें पेटत नसे, आणि पाहतां पाहतां वाळे. आतां मिळतच नाहीं." तें कां मिळत नाहीं, हें सांगण्याकरितां हा लेख.

घड्याळांतील तेल कालांतरानें चिकट होतें. इलेक्ट्रॉनिक यंत्रांच्या पट्टीवर डाग देतांना वापरलेला राळेसारखा फ्लक्स मागें राहिला, तर दमट हवेंत तो तांब्याच्या बारीक रेघांस खाऊं शकतो. साधें पाणी तेलास लागू पडत नाहीं. म्हणून तेल विरघळविणारा, केसाएवढ्या फटींत शिरणारा आणि मागें कांहीं न ठेवतां उडून जाणारा द्रव हवा. कार्बन टेट्राक्लोराइडांत हे सारे गुण होते. यकृतास मात्र तें विष. पुढें मोठ्या कारखान्यांत सीएफसी-113 आलें. तें 48 अंशांच्या सुमारास उकळे, जळत नसे, आणि माणसास फारसें बाधत नसे. अभियंत्यांस याहून अधिक काय हवें?

दोष निराळ्याच ठिकाणीं होता. 1974 सालीं मोलिना व रोलंड ह्या शास्त्रज्ञांनीं दाखविलें कीं, सीएफसी वर्गांतील द्रव्यें खालच्या हवेंत नाश न पावतां वर चढत जातात. तेथें प्रखर सूर्यकिरणांनीं फुटून त्यांतील क्लोरीन मोकळा होतो, आणि त्याचा एकेक अणु ओझोनचे हजारों रेणु मोडतो. कार्बन टेट्राक्लोराइडाचीही तीच कथा. ज्या स्थिरपणाची कारखानदारांस एवढी प्रीति, तोच आकाशास बाधला! 1985 सालीं अंटार्क्टिकावरील ओझोनचा ऱ्हास उघड झाला, 1987 सालीं माँट्रियलचा करार झाला, 1992 सालीं भारत त्यांत सामील झाला, आणि 2010 च्या आरंभापासून यंत्रें धुण्याकरितां हीं दोन्ही द्रव्यें आपल्याकडे बंद झालीं. कारागिराचा डबा गेला तो ह्या वाटेनें.

मग त्याचे जागीं काय? पुष्कळ कारखान्यांनीं धुण्याची गरजच टाळली. अत्यल्प अवशेष ठेवणारा फ्लक्स वापरला कीं पट्टी धुवावी लागत नाहीं. कोठें क्षार काढलेलें पाणी घेऊन त्यांत श्राव्यातीत ध्वनिलहरी सोडतात. त्यांनीं उठणारे सूक्ष्म बुडबुडे फुटतांना मळ उखडतात. पण पोलाद लगेच न वाळविल्यास गंजतें. नागपुरी संत्र्याची साल पिळतांना डोळ्यांस झोंबणारी जी फवार उडते, तिच्यांत मुख्यत्वें लिमोनीन असतें. तेंही तेल व राळ उत्तम विरघळवितें. मात्र 176 अंशांवर उकळत असल्यामुळें सावकाश वाळतें. शिवाय तें पेटतें, आणि हवेंत जुनें झालें कीं त्वचेस खाज आणतें. फळांतून निघालें म्हणून निरुपद्रवी, असें मानूं नये.

लहान दुकानास आयसोप्रोपिल अल्कोहोल सोयीचें. पेट्रोलाप्रमाणें तेंही झटकन् पेट घेतें. परंतु पेट्रोलांत बेंझीन असतें व त्यापासून कर्करोग होतो, तें भय ह्यांत नाहीं. घड्याळ आणावयास गेलों तेव्हां आम्हीं हें सुचविलें. कारागीर हंसला. "पॅलेटचीं माणकें लाखेनें बसविलेलीं असतात, मास्तर. अल्कोहोलांत लाख सुटते, मग माणिक कोठें शोधूं?" ही गोष्ट आमच्या पुस्तकांत नव्हती. क्षणभर विचार करून त्यानें पुढ्यांतल्या दुसऱ्या घड्याळाचें पॅलेट तेवढें चिमट्यानें बाजूस ठेविलें, आणि बाकीचे भाग कशांत घालावयाचे त्या बाटलीचें नांव आमच्याकडून एका चिठ्ठीवर लिहून घेतलें.