गोळ्या कमी, कागद जास्त

जून-जुलै आला की माधवनगरातल्या माझ्या औषधांच्या दुकानात ठरावीक यादी घेऊन माणसं येऊ लागतात. कुणाचा मुलगा इंग्लंडला निघालेला, कुणाची सून जर्मनीला, कुणी दुबईत कामाला. तापाच्या गोळ्या, जुलाबाच्या गोळ्या, खोकल्याची बाटली आणि अँटिबायोटिकचे दोन-तीन कोर्स. "तिकडं डॉक्टर लवकर भेटत नाही म्हणे, जास्तच द्या काकू."

तापाच्या गोळ्या मी देते. अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय देत नाही. मग समोरच्याला बसवून घेते आणि विचारते, तिथं गेल्यावर डॉक्टर कोण, ते ठरलंय का? बहुतेकदा उत्तर नसतं.

आपल्याला मिरज हाकेच्या अंतरावर. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 साली तिथं मिशनचं रुग्णालय उभारलं, आणि आज कर्नाटकातूनही माणसं मिरजेला उपचाराला येतात. छातीत धडधडलं की थेट हृदयरोगतज्ज्ञ, गुडघा धरला की थेट हाडांचा डॉक्टर, ही आपली सवय. इंग्लंडच्या सरकारी सेवेत तसं जाता येत नाही. राहत्या भागातल्या जीपीकडं, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडं, आधी नाव नोंदवायचं. मोठ्या डॉक्टरकडं पाठवायचं की नाही, ते बहुधा तिथंच ठरतं. नोंदणीला पैसे पडत नाहीत. उलट कामाच्या व्हिसावर जाणारा प्रौढ माणूस वर्षाला 1,035 पौंडांचा आरोग्य अधिभार व्हिसाच्या वेळीच भरून बसलेला असतो. आरोग्यसेवेतल्या नोकरीच्या व्हिसावर जाणाऱ्यांना तो माफ आहे. तरीही पोरं महिनोन्महिने नाव नोंदवत नाहीत. याचं मला फार वाईट वाटतं. पैसे भरलेत, हक्क आहे, आणि पोर परक्या खोलीत ताप अंगावर काढतंय.

जर्मनीत आरोग्य विमा सक्तीचा आहे. आजारपण तीन दिवसांपेक्षा लांबलं की डॉक्टरचा दाखला कायद्यानंच लागतो, त्यामुळं घरच्या गोळ्यांवर निभावत नाही. दवाखाने बंद असताना तातडी नसलेल्या दुखण्याला 116117 हा फोन आहे; जीवावर बेतलं तर 112.

अंगावर पुरळ उठलं की फोटो येतो सांगलीच्या डॉक्टरांच्या मोबाइलवर. ते मायेनं उत्तरही देतात. पण त्यांची चिठ्ठी इंग्लंडातल्या दुकानात चालत नाही, आणि आपल्याकडं 2020 साली फोनवरच्या उपचारांचे जे नियम झाले, त्यांत देशाबाहेरच्या रुग्णाला सल्ला देण्याची तरतूदच नाही. घरच्या डॉक्टरचा धीर हवा, हे खरं. पण तपासणारा हात तिथलाच लागतो.

इन्सुलिन घेणाऱ्याशी मात्र मी घाईत बोलत नाही. आपल्याकडं कुपीतलं साधं इन्सुलिन बहुतेक 40 चं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट. त्याच्या सिरिंजचं टोपण लाल. इंग्लंड-अमेरिकेत कुपी 100 ची. आपल्याकडं 100 च्या सिरिंजचं टोपण नारिंगी असतं. इथून नेलेल्या लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये तिथली कुपी भरली आणि नेहमीसारखं 20 च्या रेघेपर्यंत ओढलं, तर अंगात 50 युनिट जातात. साखर झपकन खाली येऊन माणूस बेशुद्ध पडतो, जीवही जाऊ शकतो. उलट इथली कुपी आणि नारिंगी सिरिंज जुळवली, तर 20 च्या रेघेला जेमतेम 8 युनिट. मी दोन्ही सिरिंजा काउंटरवर शेजारी-शेजारी ठेवते, जाणाऱ्याला स्वतः रेघा मोजायला लावते, आणि डॉक्टरांकडून कागदावर डोस युनिटमध्ये लिहून आणायला सांगते.

दुबईकरांची गोष्ट निराळी. इथं डॉक्टर सहज लिहून देतात ते ट्रॅमाडॉल किंवा कोडीनवालं खोकल्याचं औषध तिथं नियंत्रित यादीत आहे. तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी आधी काढावी लागते. बिनचिठ्ठीची बाटली बॅगेत सापडली तर विमानतळावरच अडकायची वेळ येते. खोकल्यापायी ही जोखीम कशाला?

मुलीच्या बाळंतपणाला अमेरिकेत जाणाऱ्या आई-वडिलांची काळजी मला सगळ्यांत जास्त. प्रवासी विम्यात जुन्या दुखण्याचा खर्च बहुधा धरत नाहीत, आणि बीपी-शुगर तर जुनीच. त्यांना मी मुक्काम संपेपर्यंतच्या गोळ्या, चिठ्ठीप्रमाणं, मूळ पाकिटातच देते. पट्ट्या कापून डबीत भरू नका म्हणते, कारण औषधाचं नाव आणि मुदत त्या पट्टीवरच असते. कंपनीचं नाव तिथल्या डॉक्टरला कळेलच असं नाही. थायरोनॉर्म म्हणून भागणार नाही, लेव्होथायरॉक्सिन किती मायक्रोग्रॅम, ते सांगावं लागतं.

म्हणून सांगली-मिरजेच्या डॉक्टरांना माझी कळकळीची विनंती आहे. परदेशी निघालेल्या रुग्णाला एक पान इंग्रजीत टाइप करून द्या: आजार कोणता, कधीपासून, औषधाचं मूळ नाव आणि मात्रा, कशाची ॲलर्जी, ऑपरेशन झालं असेल तर कधी. शेवटचा ईसीजी सोबत जोडा. काही डॉक्टर हे आताही आपणहून करतात, आणि त्यांचे रुग्ण माझ्याकडं येतात तेव्हा यादी अर्ध्यावर आलेली असते.