गिळताना दुखते, तरी गिळलेच पाहिजे

आरशासमोर तोंड मोठे उघडून पाहा. घशाच्या दोन्ही बाजूंना दिसणाऱ्या मांसल गाठी म्हणजे टॉन्सिल. त्या वारंवार सुजून त्रास देऊ लागल्या, तर काही वेळा शस्त्रक्रिया करून काढतात. ही शस्त्रक्रिया मोठ्या रुग्णालयात होते; पण किन्हवलीसारख्या गावातले मूल एकदोन दिवसांत घरी परतते. जखम भरते ती घरीच.

या जखमेवर पट्टी बांधता येत नाही, आणि प्रत्येक घोटाला तेथील स्नायू हलतात. म्हणून आठवडा-दीड आठवडा घसा दुखतो. दुखते म्हणून मूल पाणी पीत नाही. घसा कोरडा पडतो आणि अधिकच दुखतो. हे चक्र कसे तोडायचे?

इजा झालेल्या पेशी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार करतात. त्यांच्यामुळे मज्जातंतूंची टोके हळवी होतात. आयबुप्रोफेन ही द्रव्ये तयार होऊ देत नाही. ॲस्पिरिनचे कार्य असेच चालते, हे जॉन व्हेन यांनी 1971 मध्ये दाखवले. 1982 च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी होते. (मुलांना मात्र ॲस्पिरिन देत नाहीत.) पॅरासिटामॉल मुख्यतः मेंदू व मज्जारज्जूत काम करते. वाटा वेगळ्या, म्हणून डॉक्टर दोन्ही औषधे देऊ शकतात.

मग अफूच्या गटातील कोडीन का नको? यकृतातील एक विकर कोडीनचे मॉर्फिन बनवते. काहींच्या शरीरात हे फार वेगाने घडते आणि श्वास मंदावतो. काही मुले दगावल्यावर, टॉन्सिल काढलेल्या मुलांना कोडीन देऊ नये, असा कडक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2013 मध्ये दिला.

साध्या औषधालाही माप असते. पॅरासिटामॉलची एक मात्रा किलोमागे फार तर 15 मिलिग्रॅम. म्हणजे 30 किलोच्या मुलाला 450 मिलिग्रॅम, आणि 24 तासांत चारच वेळा. सर्दीच्या अनेक औषधांतही पॅरासिटामॉल असते. नकळत दुप्पट मात्रा जात राहिली, तर यकृताला इजा होऊ शकते. सुरुवातीचे दिवस, दुखण्याची वाट न पाहता, डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी औषध द्यावे आणि कळ ओसरली की गार पेज, मऊ भात, पाणी द्यावे.

जखमेवर पांढरा थर येतो. तो पू नव्हे. साधारण पाचव्या ते दहाव्या दिवशी तो सुटतो, तेव्हा रक्तस्राव होऊ शकतो. थुंकीत ताजे लाल रक्त दिसले, तर सकाळची वाट पाहू नये. रात्री शहापूरला कोणाच्या गाडीने जायचे, हे आधीच ठरवून ठेवावे.