खडीच्या गाडीतला मजूर : रेल्वे-बांधकामातील अपघात आणि मालकाचे दायित्व

रेल्वेमार्गाचे काम चालू असताना खडी, रूळ आणि मजूर यांची एकाच गाडीतून ने-आण होते. दुसऱ्या कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे या गाडीला अपघात होऊन मजूर जखमी झाला, तर भरपाई कोणी द्यायची?

जुना नियम

नोकराने कामाच्या ओघात केलेल्या निष्काळजीपणाबद्दल मालक जबाबदार असतो. यालाच आपण प्रतिनिधिक दायित्व म्हणतो. मात्र इंग्लंडमधील प्रीस्टली विरुद्ध फाउलर (१८३७) या खटल्यापासून त्याला एक मोठा अपवाद रूढ झाला : सहकाऱ्याच्या चुकीचा धोका नोकराने नोकरी पत्करतानाच स्वीकारलेला असतो. हाच सामाईक नोकरीचा सिद्धांत. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयाने १८४२ मध्ये फारवेल खटल्यात तो रेल्वेला लावला. पुढे १८५२ च्या गिलशॅनन खटल्यात खडीच्या गाडीतून कामावर जाणाऱ्या मजुराचाही दावा याच कारणाने फेटाळला गेला.

यातील अन्याय पाहा. त्याच गाडीने रस्त्यावरच्या परक्या माणसाला धडक दिली असती, तर त्याला भरपाई मागता आली असती. गाडीतल्या मजुराला मात्र नाही. वास्तविक चालक निवडणे किंवा त्याच्यावर देखरेख ठेवणे मजुराच्या हाती नसते.

भारतातील बदल

१९३८ च्या मालक दायित्व कायद्याने या बचावाला कात्री लावली. इंग्लंडमध्ये तो १९४८ मध्ये रद्द झाला. त्याआधीच आपल्याकडे १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याने वेगळी वाट काढली होती : अपघात कामामुळे व कामाच्या ओघात झाला असेल, तर मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही हे तत्त्व कायम आहे.

उदाहरण

समजा, ठेकेदाराचा मजूर खडीच्या गाडीतून कामाच्या जागी जाताना जखमी झाला. हे काम मूळ मालकाच्या व्यवसायाचाच भाग असेल आणि अपघात त्याच्या ताब्यातील जागेत झाला असेल, तर मजूर थेट मूळ मालकाकडे भरपाई मागू शकतो. मालक ती रक्कम नंतर ठेकेदाराकडून वसूल करू शकतो. त्यामुळे ‘तो आमचा माणूस नाही’ एवढे म्हणून मालकाची सुटका होत नाही.

लक्षात ठेवा

एकाच दुखापतीसाठी दिवाणी दावा आणि कायद्याखालील भरपाई हे दोन्ही मार्ग एकदम वापरता येत नाहीत. दिवाणी दाव्यात रक्कम जास्त मिळू शकते, पण निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. जखमी मजुराच्या घरच्यांना तुम्ही कोणता मार्ग सुचवाल? कारणांसह लिहा.