कानी घातलेला शब्द : चर्चमधील स्वयंसेवी धर्मशिक्षक

शाळेच्या वेळापत्रकाबाहेर, वेतनाची अपेक्षा न ठेवता जे शिकवले जाते, त्याची नोंद शिक्षणाच्या इतिहासात क्वचितच होते. स्मृतिव्याख्यानाच्या या पुस्तिकेत अशाच एका अध्यापनाची ओळख करून द्यावी, असे मी योजिले आहे. गोव्यातील चर्चमध्ये रविवारी लहान मुलांचे धर्मशिक्षणाचे वर्ग भरतात. कोकणीत त्यांना ‘दोतोर्न’ म्हणतात. हे वर्ग धर्मगुरू आणि संन्यासिनी घेतात, तसेच गृहस्थाश्रमी माणसेही घेतात. त्यांत बँकेत नोकरी करणारे असतात, गृहिणी असतात, महाविद्यालयात शिकणारे तरुणही असतात.

मी जन्माने हिंदू. या विषयाकडे आलो तो फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’च्या वाटेने. हा इंग्रज जेझुइट 1579 मध्ये गोव्यात आला, येथील भाषा शिकला आणि 1616 मध्ये त्याचे ओवीबद्ध मराठी पुराण रायतूर येथे छापले गेले. वर्गात हा ग्रंथ शिकविताना एक गोष्ट मी आवर्जून सांगत असे. ग्रंथाच्या आरंभीचा प्रसंगच मुळी धर्मशिक्षणाच्या वर्गाचा आहे. चर्चमध्ये पाठ चालू असताना एक नवख्रिस्ती गृहस्थ उठतो आणि मागे सुटलेल्या पुराणांच्या जागी आम्हांला काही वाचावयास द्या, अशी मागणी करतो. एवढा मोठा ग्रंथ त्या मागणीचे उत्तर आहे. स्टीफन्स यांची कोकणी ‘दौत्रिना’ त्यांच्या निधनानंतर, 1622 मध्ये प्रसिद्ध झाली. मुलांना शिकविण्यासाठी ती संवादरूपाने रचलेली आहे. म्हणजे आपल्या प्रदेशातील मराठी व कोकणी मुद्रणाच्या मुळाशी धर्मशिक्षकाची गरज उभी आहे.

त्या काळी धर्मप्रसाराच्या पाठीशी राजसत्तेचा दबाव होता, हे विसरून चालणार नाही. 1684 मध्ये तर लोकांनी कोकणी सोडून पोर्तुगीज बोलावे, असे फर्मान निघाले. आजच्या वर्गांचे स्वरूप अगदी निराळे आहे. तेथे कॅथलिक कुटुंबांतील मुले आईबापांच्या इच्छेने येतात.

‘कॅटेकिस्ट’ या शब्दाचे मूळ ग्रीक असून त्याच्या धातूत ध्वनी उमटविण्याचा, घुमविण्याचा अर्थ आहे. आपल्या भाषेत ‘कानी घालणे’ हा प्रयोग त्याच्या फार जवळ जातो. नवविधा भक्तीत श्रवणाला पहिले स्थान देणाऱ्या आपल्या परंपरेला ही कल्पना परकी वाटू नये.

आता हे काम पत्करावयाचे कसे, ते पाहू. 1983 च्या चर्चच्या कायदेसंहितेनुसार मुलांच्या धर्मशिक्षणाची पहिली जबाबदारी आईबापांची आहे. धर्मग्रामात ती व्यवस्था पाहणे हे प्रमुख धर्मगुरूचे कर्तव्य असून त्याने त्यासाठी सामान्य श्रद्धावंतांचे साहाय्य घ्यावयाचे असते. म्हणून इच्छुकाने प्रथम आपल्या विगाराची भेट घ्यावयाची. उमेदवाराचा बाप्तिस्मा व दृढीकरण झालेले असावे, त्याचे आचरण श्रद्धेशी सुसंगत असावे, एवढी अपेक्षा सर्वत्र असते. आरंभी अनुभवी शिक्षकाच्या हाताखाली वर्ग पाहावयाचा. बायबल, धर्मतत्त्वे, उपासनाविधी आणि बालमानसशास्त्र यांचे प्रशिक्षण धर्मप्रांताकडून मिळते. मुलांच्या सुरक्षिततेचे नियमही आता या प्रशिक्षणाचा भाग झाले आहेत. मुलाबरोबर बंद खोलीत एकट्याने बसू नये, हा त्यांतला साधा आणि अत्यावश्यक नियम.

अभ्यासक्रमाचा कणा संस्कारांचा असतो. पोप दहावे पायस यांनी 1910 मध्ये प्रथम ख्रिस्तप्रसादाचे वय सुमारे सात वर्षे ठरविले. तेव्हापासून लहान मुलांच्या तयारीला विशेष महत्त्व आले. पुढे मोठ्या मुलांची दृढीकरणाची तयारी असते. शिक्षकाला संदर्भासाठी 1992 मध्ये संमत झालेला ‘कॅथलिक चर्चचा धर्मशिक्षणग्रंथ’ उपलब्ध आहे. 2021 मध्ये तत्कालीन पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षकाच्या सेवेला औपचारिक सेवापदाचा दर्जा दिला. ते पद बिशपांच्या हस्ते विधिपूर्वक दिले जाते. रविवारचा वर्ग घेणाऱ्या प्रत्येकाला मात्र त्याची आवश्यकता नसते.

येथवर नियम झाले. खरी अडचण अंतःकरणातली असते. माझी एक माजी विद्यार्थिनी हे काम स्वीकारावे की नाही, अशा विचारात होती. ती मला म्हणाली, “सर, माझ्याच मनात कित्येक शंका आहेत. मग मी मुलांना शिकवणं हे ढोंग नाही का होणार?” प्रश्न प्रामाणिक होता. मी धर्मशास्त्राचा अधिकारी नव्हे. शिक्षक म्हणून एवढेच सांगितले, की वर्गात ती स्वतःची मते मांडण्यासाठी उभी राहणार नाही. चर्च काय मानते, ते नेमके सांगणे हे तिचे काम. स्वतःला न उमगलेल्या प्रश्नावर ‘मी विचारून सांगते’ असे म्हणण्याची मोकळीक प्रत्येक शिक्षकाला असते. मात्र मूळ श्रद्धेवरच तिचा विश्वास उरला नसेल, तर तिने थांबावे आणि विगाराशी मोकळेपणाने बोलावे. शंका असणे आणि विश्वास नसणे या भिन्न गोष्टी आहेत, हा भेद तिला पटला. तिने वर्ग घेतला.

पुढे तिच्याकडून त्या वर्गातले प्रश्न कळले. “मी प्रार्थना केली, तरी आजी का गेली?” असे एका मुलाने विचारले. अशा वेळी पाठ केलेले उत्तर पुढे करू नये. आधी मुलाला त्याच्या आजीविषयी बोलू द्यावे; पुनरुत्थानाच्या आशेचे बोलणे त्यानंतर यावे. दुसऱ्या मुलीचा प्रश्न शेजारच्या बाकावरील हिंदू मैत्रिणीविषयी होता. देव तिची प्रार्थना ऐकतो का? गोव्यात हा प्रश्न टाळता येत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या 1965 च्या घोषणापत्रात इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्यातले काहीही चर्च नाकारत नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. शिक्षिकेला हे ठाऊक असले, तर एका मुलीची मैत्री निर्धास्त राहते. ठाऊक नसले, तर नकळत भिंत उभी राहू शकते. आमच्या गावांच्या दृष्टीने हे अंतर लहान नाही.

शेवटी भाषेविषयी. घरी इंग्रजीत बोलणारी मुले कोकणी प्रार्थना घडाघडा म्हणतात, पण त्यांतले कित्येक शब्द त्यांना कळत नाहीत. पाठांतराला मी कमी लेखत नाही. आपली पोथ्यापुराणे त्याच बळावर टिकली. परंतु अर्थाविना पाठांतर पुढच्या पिढीला देता येत नाही. स्टीफन्स यांनी स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द निःसंकोच वापरला, कारण ऐकणाऱ्याला तो आधीपासून ठाऊक होता. श्रोत्याच्या मनात वसलेल्या शब्दापासून आरंभ करावा, हा त्यांचा धडा आजही उपयोगी आहे. आठवड्यातून एक तास, पदरमोड करून, अवघड शब्दाचा अर्थ लहान मुलाला समजेपर्यंत पुनःपुन्हा सांगणारी ही माणसे कोणत्याही धर्माची असोत, शिक्षकांच्या पंक्तीत त्यांना मानाचे स्थान मिळावे, असे मला मनापासून वाटते.