लॅपटॉपचा स्क्रीन फुटलाय? आधी टीव्हीला जोडून बघा

नाशिककरांनो, स्क्रीन फुटला म्हणून लॅपटॉप लगेच भंगारात काढू नका. एचडीएमआय केबलने तो घरच्या टीव्हीला जोडा, विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबा आणि ‘डुप्लिकेट’ निवडा. टीव्हीवर चित्र स्वच्छ दिसलं तर बिघाड बहुधा पॅनेलपुरताच आहे. दुरुस्ती होईपर्यंत कामही अडत नाही!

मग एम. जी. रोडवर दोन-तीन दुकानांत भाव काढा. नुसतं लॅपटॉपचं नाव सांगून पॅनेल मागवू नका. जुना पॅनेल काढून त्यामागच्या स्टिकरवरचा नंबर बघायला लावा, कारण एकाच मॉडेलमध्ये ३० पिनचा आणि ४० पिनचा असे वेगवेगळे पॅनेल असू शकतात. वॉरंटी बिलावर लिहून घ्याच. लॅपटॉप फारच जुना असेल तर पॅनेलपेक्षा सेकंडहँड मॉनिटर घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे.