मूल सांगते तेव्हा: बालपणीचा लैंगिक अत्याचार आणि मोठ्यांची जबाबदारी

झोप लागत नाही, पोट सतत दुखते, पण सगळे रिपोर्ट नॉर्मल. अशा प्रौढ रुग्णांपैकी काहींशी निवांत बोलल्यावर बालपणी झालेला अत्याचार समोर येतो. त्यासोबत अनेकदा दुसरी जखमही असते: "घरी सांगितले होते, पण कोणी ऐकले नाही."

पत्रकार पिंकी विराणी यांनी २००० साली 'बिटर चॉकलेट' या पुस्तकात स्वतःच्या बालपणातील अत्याचाराबद्दल लिहिले. सांगली जिल्ह्यातील कुरळप (ता. वाळवा) येथील आश्रमशाळेतील मुलींवरचे अत्याचार २०१८ मध्ये निनावी पत्रामुळे उघडकीस आले. जवळच्या मोठ्यांना सांगता येत नाही, तेव्हा मुलांना असे मार्ग शोधावे लागतात.

ही लक्षणे दिसल्यास विचारपूस करा

- पुन्हा अंथरूण ओले करणे, झोपेत दचकणे
- एखाद्या व्यक्तीकडे किंवा ठिकाणी जायला घाबरणे
- लघवीच्या जागी दुखणे, जखम, रक्तस्राव

यामागे इतर कारणेही असू शकतात. लक्षणे नाहीत म्हणून मुलाचे बोलणे खोटे ठरत नाही.

मुलाने सांगितल्यास काय करावे?

शांतपणे ऐका. "माझा तुझ्यावर विश्वास आहे, तुझी काही चूक नाही" असे सांगा. "आधी का नाही सांगितलेस?" असे विचारू नका, खोदून उलटतपासणी करू नका. घराण्याच्या अब्रूसाठी गप्प बसायला लावू नका. त्या व्यक्तीपासून मुलाला लगेच दूर ठेवा.

लवकरात लवकर, शक्यतो ७२ तासांच्या आत रुग्णालयात जा. एचआयव्ही प्रतिबंधक औषधे याच काळात सुरू करावी लागतात. अंगावरचे कपडे धुऊ नका, सोबत न्या. उशीर झाला असला तरी जा. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, तर सांगलीत वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आहे. उपचारासाठी आधी एफआयआर लागत नाही. सरकारी असो वा खासगी, रुग्णालयाने मोफत उपचार देणे बंधनकारक आहे.

कायदा काय सांगतो?

पोक्सो कायद्यानुसार (२०१२) अत्याचाराची माहिती असलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. पालक, शिक्षक, डॉक्टर, कोणीही अपवाद नाही. लपवल्यास ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मदतीसाठी चाइल्डलाइन: १०९८.

तुमच्याच बाबतीत हे घडले असेल तर

त्या वेळी तुम्ही लहान होता. तुमचे रक्षण करणे ही मोठ्यांची जबाबदारी होती. कितीही वर्षे लोटली तरी समुपदेशन आणि मानसोपचारांनी आराम मिळू शकतो. टेली-मानस (१४४१६) या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते.